झाकलं जाण्याआधी कोणी पाहिलं?

साइट सोलापूरला, कोल्हापूरला आणि नाशिकला, आणि तिन्ही साइटचा प्रोजेक्ट मॅनेजर पुण्यात. मध्यम आकाराच्या बांधकाम व्यवसायात ही व्यवस्था आता नवी राहिलेली नाही. 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली आणि साइट बंद पडल्या. कामं पुन्हा सुरू झाली तेव्हा कॅमेरे, ड्रोन आणि व्हिडिओ कॉल यांना जोर आला. साथ ओसरली, पण ही पद्धत टिकली. प्रश्न फक्त सोयीचा असता तर त्यावर वाद घालायचं कारण नव्हतं. पण इमारत बांधताना तिच्यावर माणसं चढलेली असतात आणि बांधून झाल्यावर तिच्यात माणसं राहायला येतात. म्हणून दुरून काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे एकदा नीट बोलून घ्यायला हवं.

पुढच्या संवादातली दोघंही याच व्यवसायातली आहेत. मामांचं आयुष्य साइट इन्चार्ज म्हणून गेलं. भाची पुण्याच्या ऑफिसातून तीन गावांतली कामं सांभाळते.

मामा : मला एवढंच सांग, सोलापूरला काल स्लॅब टाकला तेव्हा तू कुठे होतीस?

भाची : पुण्यात, सकाळी सातपासून कॅमेऱ्यासमोर. पण मामा, मी नसते तर तिथे कोण असतं, हेही विचारा ना. प्रोजेक्ट लहान आहे. मुरलेला मॅनेजर पूर्णवेळ ठेवायला तो परवडत नाही. परवडला तरी पुण्यातलं घर, मुलांच्या शाळा सोडून दीड-दोन वर्षांसाठी कोणी जायला तयार होत नाही. मग अशा साइट चालायच्या कोणाच्या भरवशावर? नुकताच डिप्लोमा झालेला एक मुलगा आणि मुकादम. मालक कधीतरी गाडीने येऊन चक्कर मारून जायचे. आज त्याच मुलाच्या पाठीशी मी आहे. ड्रॉइंग बदललं की त्याच दिवशी त्याच्या हातात पडतं. स्टील संपायच्या आत ऑर्डर जाते. ठेकेदाराचं बिल मापाशी ताडून बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही. नाशिकला झालेली चूक कोल्हापूरला होण्याआधी सगळ्यांना कळते.

मामा : हे मला मान्य आहे. खरेदी, बिलं, वेळापत्रक ही टेबलावरचीच कामं. मी ती पत्र्याच्या केबिनमध्ये बसून करायचो, तू पुण्यात बसून करतेस, फरक पडत नाही. मी स्लॅबचं बोलतोय. गॅलरीचा स्लॅब घे. इमारतीतून बाहेर आलेला, पुढच्या टोकाला आधार नाही. त्याच्यावर वजन आलं की ताण वरच्या अंगाला पडतो, म्हणून त्याची मुख्य सळई वर असावी लागते. फिटर ती बरोबर बांधतो, खाली तिला वर धरून ठेवणाऱ्या चेअर लावतो. तू दहा वाजता फोटो बघतेस, सगळं ड्रॉइंगप्रमाणे. मग काँक्रीट सुरू होतं. पंपाचा पाइप सळयांवरून ओढत नेतात. बिगारी त्याच जाळीवरून ये-जा करतात, व्हायब्रेटरवालाही तिथेच पाय रोवून उभा. दुपारपर्यंत चेअर आडव्या झालेल्या असतात आणि वरची सळई दबून स्लॅबच्या पोटात गेलेली असते. वर काँक्रीट पडतं, थापी फिरते, संपलं. जाडी बरोबर, सळईचा आकडा बरोबर, क्यूबचा निकाल पास, आणि गॅलरी मात्र कमजोर. सेंटरिंग काढताना पडली तर निदान कळेल. नाही पडली, तर घरच्या लग्नात दहा माणसं तिथे उभी राहतील.

भाची : मग तुम्ही काय करायचात?

मामा : चालायला फळ्या टाकायला लावायचो. पंपाच्या पुढे एक फिटर ठेवायचो आणि त्याच्याबरोबर स्वतः चालायचो. सळई दबली की माल पडायच्या आत ती उचलून घ्यायची, चेअर परत उभी करायची. हे काम दिवसभर सुरू असतं. दहाच्या फोटोत ते येत नाही, आणि संध्याकाळच्या फोटोत नुसता गुळगुळीत स्लॅब दिसतो.

भाची : तुम्ही चालायचात, मामा. सगळे चालायचे का? काँक्रीट टाकण्याआधी शटरिंग, स्टील, इलेक्ट्रिकचे पाइप असं एकेक तपासून पोअर कार्डावर सही करायची असते. साहेब जागेवर असूनही ती कार्डं दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसून एकगठ्ठा भरली गेल्याचं तुम्ही पाहिलेलं नाही का? आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे एका वेळी 16 ते 30 घनमीटर काँक्रीट टाकलं तर किमान 3 नमुने घ्यायचे, म्हणजे 150 मिलिमीटरचे 9 क्यूब. ते भरायला थोडा जास्त सिमेंटचा वेगळा माल कालवायचा, ही युक्ती काही कॅमेऱ्यांनी शिकवलेली नाही. माणूस साइटवर आहे म्हणजे तो बघतोय, असं होत नाही.

मामा : हे खरं आहे, आणि मी ते झाकणार नाही.

भाची : आता माझ्याकडे काय आहे ते ऐका. आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटवरून प्रत्येक गाडीची बॅच स्लिप येते. सिमेंट, खडी, वाळू, पाणी, वजन आणि वेळ, सगळं छापील. आयएस 4926 सांगतं की माल भरल्यापासून 2 तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे. गाडी कुठे अडकली आहे ते मला फोनवर दिसतं. उशीर झालेली गाडी परत पाठवायला मी सांगते, आणि ते सांगताना ठेकेदाराची ओळख किंवा भीड आड येत नाही. हा लांब असण्याचाच फायदा आहे.

मामा : स्लिपवर प्लांटवरचं पाणी असतं, पोरी. साइटवरचं नसतं. पंप अडकायला लागला की ऑपरेटर ओरडतो, "माल घट्ट आहे," आणि कोणीतरी गाडीच्या ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो. दोन मिनिटांचं काम. माल सरसर वाहायला लागतो, सगळे खूश, आणि काँक्रीटची ताकद गेलेली. शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला ते चुटवरून घसरणाऱ्या मालाकडे बघून कळतं. शंका आली तर तो तिथल्या तिथे स्लम्पचा कोन भरून बघतो.

भाची : म्हणूनच माझा एक कॅमेरा पंपाच्या तोंडाशी असतो. ड्रममध्ये पाइप गेला तर मला दिसतो. पण ते सोडा, त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. स्लॅब टाकून झाल्यावर तुमचं लक्ष वरच्या मजल्यावर जायचं. खालचे टेकू कधी निघाले, पाणी किती दिवस मारलं, हे बघायला वेळ कोणाकडे असायचा? साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे प्रॉप किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवायचे. सहा मीटरहून लांब बीमखाली 21 दिवस. सेंटरिंगवाल्याला ते पुढच्या साइटवर न्यायची घाई असते. साधं सिमेंट असेल तर 7 दिवस आणि पीपीसी असेल तर 10 दिवस तरी क्युरिंग हवं. स्लॅबवर आळी बांधून पाणी भरलंय का, कॉलमचं गोणपाट ओलं आहे का, हे मी रोज सकाळी तिन्ही साइटवर बघते. रविवारीही. या कामात कॅमेरा माणसापेक्षा चिकाटीचा आहे.

मामा : हे तुझं बरोबर आहे. क्युरिंगच्या बाबतीत आमची पिढी फार हलगर्जी होती. पण कॅमेऱ्यावर भरवसा ठेवतेस म्हणून दुसरी बाजूही सांगतो. रोजगार हमीच्या कामांवर 2023 पासून हजेरीसाठी दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो मोबाइल अॅपवर टाकणं सक्तीचं झालं. उद्देश चांगलाच होता. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो टाकले जातायत, जुन्या फोटोचा फोटो काढून तोही टाकला जातोय. बघणारा लांब आहे हे कळलं की माणसं काम दाखवण्यापुरतं करायला शिकतात.

भाची : कागदी मस्टरवर खोटे अंगठे उमटत होतेच ना? फरक एवढाच की फोटो मागे राहिला, म्हणून लबाडी पकडता आली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2021 पासून रस्त्यांच्या कामांचं दर महिन्याला ड्रोनने चित्रण सक्तीचं केलं, त्यातही हेच आहे. पुढे वाद झाला तर त्या महिन्यात रस्ता कसा होता हे उघडून बघता येतं. तुमच्या काळात साइटची आठवण इन्चार्जच्या डोक्यात असायची. तो नोकरी सोडून गेला की तीही जायची.

मामा : रस्ता वरून दिसतो. त्याच्याखाली मुरूम कसा दाबला, हे ड्रोनला दिसत नाही. आणि हे सगळं खरं धरलं, तरी तू साइटवर राहायला का जात नाहीस, हा माझा प्रश्न उरतोच.

भाची : याचंही सरळ उत्तर देते. मी नोकरीला लागले तेव्हा मुलींना प्लॅनिंगला बसवायचे, साइट द्यायचे नाहीत. कारण विचारलं तर, रात्री उशिरापर्यंत स्लॅब चालतो, तिथे स्वच्छतागृह नाही, राहायची सोय नाही. घरात लहान मूल असलेल्या बाईने आठवडाभर परगावी राहावं कसं? दुरून काम करण्याची सोय झाली म्हणून आज तीन साइटचे निर्णय माझ्याकडे आहेत. माझ्यासारख्या अनेकींना या व्यवसायात टिकता आलं ते यामुळे.

मामा : तुला संधी मिळाली याचा मला आनंद आहे. पण तू लांब राहिल्याने ती साइट सुधारत नाही. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यानेच साइटवर शौचालयाची सक्ती केली होती. डोक्यावर वाळूची घमेली वाहणाऱ्या बायकांना कोणी घरून काम देणार नाही. त्या तिथेच आहेत. ज्या साइटवर इंजिनिअर बाईला थांबता येत नाही, तिथे त्या दिवसभर कशा राहतात?

भाची : हे मला मान्य आहे, आणि यावर मी काही करू शकते. माझ्या साइटवर शौचालय आणि पिण्याचं पाणी यांची व्यवस्था झाल्याशिवाय खोदाईचं पहिलं बिल मंजूर होत नाही. पैशाची दोरी माझ्या हातात आहे आणि ती पुण्यातून ओढता येते.

मामा : चांगलं करतेस. आता माझा मुख्य मुद्दा ऐक. काम थांबवायचं कोणी? स्लॅबच्या दिवशी तीसेक माणसं कामावर असतात. पंप भाड्याचा, गाड्या रांगेत उभ्या. अशा वेळी एका कोपऱ्यातला प्रॉप तिरका दिसला, तर "थांबा" म्हणायला छाती लागते. तुझा तो तेवीस वर्षांचा मुलगा म्हणेल का? ठेकेदार त्याच्या बापाच्या वयाचा. मुलगा म्हणेल, मॅडमना विचारतो. तुझा फोन दुसऱ्या साइटच्या कॉलवर. पाच मिनिटं गेली, तेवढ्यात दोन गाड्या रिकाम्या झाल्या. जुलै 2016 मध्ये बालेवाडीत एका इमारतीच्या 14व्या मजल्यावर स्लॅब टाकताना तो कोसळला आणि 9 मजूर गेले. स्लॅब धोक्यात असेल तेव्हा हातात मिनिटं असतात.

भाची : त्या मुलाला अधिकार नाही, हा दुरून बघण्याचा दोष आहे की आमच्या व्यवस्थेचा? साहेब साइटवर असले तरी तो त्यांनाच विचारायला केबिनकडे धावायचा.

मामा : केबिन पन्नास पावलांवर होती. आणि मुकादमाला ठाऊक असायचं की साहेब कुठल्याही क्षणी समोर येईल. आता त्याला हे ठाऊक असतं की खरा साहेब पुण्यात आहे आणि समोरच्या पोराच्या हातात काही नाही. देखरेख लांब गेली, त्यात त्या मुलाचा उरलासुरला वचकही गेला. तू त्याच्या पाठीशी उभी आहेस असं म्हणतेस, पण ठेकेदाराच्या लेखी तू त्याच्या पुढे उभी आहेस.

भाची : (थोडं थांबून) हा मुद्दा मी असा पाहिला नव्हता. मग उलटं करावं लागेल. काम थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्यायचा, ठेकेदाराच्या करारातच घालायचा. त्याने थांबवलेलं काम पुण्यातून मलाही सुरू करता येणार नाही, जागेवर येऊन बघितल्यावरच सुरू करता येईल. आणि थांबवल्यामुळे पंपाचं भाडं वाया गेलं तर ते त्याच्या नावावर लागणार नाही.

मामा : मालक हे मान्य करेल?

भाची : मालकाला रेरा कायदा ठाऊक आहे. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधणीत दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. एका गाडीच्या मालापेक्षा ते फार महाग पडतं.

मामा : रेराचंच काढलंस म्हणून विचारतो. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांनी काम किती झालं याचं प्रमाणपत्र द्यायचं. ते प्रमाणपत्र उद्या इंजिनिअरने फोटो बघून दिलं तर चालेल?

भाची : नाही. सहीची जबाबदारी ज्याची, त्याने डोळ्यांनी बघितलंच पाहिजे.

मामा : आता आणखी एक. तुझे कॅमेरे कामाकडे तोंड करून असतात. 29 जून 2019 ला पहाटे कोंढव्यात मुसळधार पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. 15 माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. मजुरांच्या खोल्या कुठे बांधल्यात, त्यांच्या मागची भिंत फुगली आहे का, शेजारच्या खड्ड्याची कड पावसाने सुटली आहे का, हे कोणाच्याही प्रोग्रेस रिपोर्टमध्ये येत नाही. रोज सकाळी सबंध आवाराला फेरी मारणारा माणूस लागतो. काय बघायचंय हे आधी ठरवून लावलेल्या कॅमेऱ्याला न ठरवलेलं दिसत नाही.

भाची : ही फेरी मारणारा माणूस जागेवरच हवा, यावर माझा वाद नाही. मात्र तुम्ही पूर्णवेळ ज्येष्ठ मॅनेजरचा हट्ट धरलात तर लहान गावातल्या साइटला तो मिळणारच नाही, आणि ती पुन्हा मुकादमाच्या हाती जाईल. म्हणून मी वेगळी रेघ मारते. जे काम झाल्यावर उघडं राहतं, दिवसेंदिवस बघता येतं, ते मी दुरून बघेन. वीटकाम, प्लास्टर, क्युरिंग, प्रॉप, माल, बिलं. जे काही तासांत कायमचं झाकलं जातं, त्याच्या वेळी मी तिथे हजर असेन. पायाचा खड्डा, फूटिंगचं स्टील, प्रत्येक स्लॅब, संडास-बाथरूमचं वॉटरप्रूफिंग.

मामा : पायाचा खड्डा पहिला घातलास, बरं केलंस. सोलापूरची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. खड्डा पक्क्या मुरुमापर्यंत गेलाय का, हे वरून फोटो काढून ठरत नाही. खाली उतरून चारी कोपऱ्यांत पहार मारून बघावी लागते. एका कोपऱ्यात ती सहज रुतली, तर तिथे आणखी खोल जायचं.

भाची : तिथे मी जातेच.

मामा : तरीही माझं समाधान पूर्ण होत नाही. आरसीसीचं काम संपेपर्यंत तू तिथेच मुक्काम करावास, फिनिशिंगला खुशाल पुण्यात बस, असं मी म्हणेन. स्लॅबच्या दिवशी सकाळी पोचणारीला आदल्या आठवड्यात शटरिंग कसं उभं राहिलं ते माहीत नसतं.

भाची : आणि मी म्हणेन, त्या आठवड्यात तिथे असलेल्या मुलाला शिकवा, अधिकार द्या, पगार द्या. मी सतत उभी राहिले तर तो कधीच साइट इंजिनिअर होणार नाही.

दोघांचं इथे एकमत झालं नाही, आणि साइटनुसार उत्तर बदलू शकतं. तरी या बोलण्यातून एक गोष्ट ठामपणे पुढे येते. दुरून देखरेख करणं म्हणजे जागेवरचा माणूस स्वस्तात भागवणं, असा अर्थ कोणी घेत असेल, तर तो इमारतीच्या जिवाशी खेळ आहे. प्रोजेक्ट मॅनेजर पुण्यात बसल्याने वाचलेला पैसा त्या डिप्लोमाच्या मुलाच्या पगारात, त्याच्या प्रशिक्षणात आणि त्याच्या जोडीला एका अनुभवी फोरमनमध्ये गेला पाहिजे. मॅनेजर जितका लांब, तितका जागेवरचा माणूस समर्थ हवा. "थांबा" म्हणण्याचा त्याचा हक्क लेखी हवा, आणि तो बजावल्याबद्दल त्याची नोकरी जाऊ नये.

यात घर घेणाऱ्यांचाही वाटा आहे. सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्स आणि किचन ओटा सगळेच बघतात. आता त्यांनी विकासकाकडे पोअर कार्डं आणि क्यूबचे निकालही मागावेत. कार्डावरची सही कोणाची आहे, आणि ती करणारी व्यक्ती काँक्रीट पडत असताना स्लॅबवर होती का, हे विचारावं. विचारणारे वाढले की उत्तर देण्याची तयारीही ठेवावी लागेल, मग मॅनेजर पुण्यात असो की सोलापुरात.